सरावाचं कन्फेशन

आमच्या सेमिनरीचं, म्हणजे फादर घडवणाऱ्या शाळेचं, फाटक कधीच बंद नसायचं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण मी तिथं अडकलो होतो असं म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कुलूप, उंच भिंत आणि कपाळाला आठ्या घातलेला रेक्टर उभा राहतो. आमचे रेक्टर, म्हणजे तिथले मुख्य फादर, संध्याकाळी झाडांना पाणी घालायचे आणि फाटकापाशी थांबलेल्या रिक्षावाल्यांशी क्रिकेटवर वाद घालायचे. भिंत एवढी बुटकी, की शेजारची शेळी ती ओलांडून यायची, आमचा कढीपत्ता खायची आणि परत जायची. मी रोज खिडकीतून त्या शेळीकडे बघायचो आणि मला तिचा राग यायचा.

आमची वस्ती आटपाडीच्या बाजूची. आजोबा मेंढरं राखायचे, चुलत घरं अजूनही राखतात. आजोबांच्या काळात मिशनचा एक फादर सायकलवरून यायचा, तापाच्या गोळ्या द्यायचा, झाडाखाली बसून मिस्साची उपासना करायचा. आजोबांना तो माणूस आवडला आणि त्यांनी बाप्तिस्मा घेतला. भावकीतल्या बाकीच्यांनी घेतला नाही. त्यावरून कुणाचं भांडण झाल्याचं मी ऐकलं नाही. ते आमच्या नाताळाला जेवायला येतात, आम्ही त्यांच्या जत्रेला जातो, आणि मटण दोन्हीकडे सारखंच तिखट असतं.

वडील मी लहान असतानाच गेले. आईनं मला मिशनच्या बोर्डिंगात घातलं. तिथं दोन वेळचं जेवण होतं, वीज होती आणि कपाटभर पुस्तकं होती. एके दिवशी जेवताना, ताटात आमटी वाढत असलेल्या फादरनी विचारलं, "काय रे, फादर होणार का?" मी हो म्हणालो. पळी हातात धरून उभ्या असलेल्या माणसाला दुसरं काय सांगणार? पुढची सगळी वर्षं त्या होकारावर चालली.

फादर होणं म्हणजे एखादी पदवी नव्हे, हे बाहेरच्या माणसाला सांगावं लागतं. आधी बोर्डिंग, मग एक वर्ष प्रार्थनेचं आणि भांडी घासण्याचं, मग पहिली व्रतं: दारिद्र्य, ब्रह्मचर्य, आज्ञापालन. ही व्रतं घेतलेल्याला ब्रदर म्हणतात, आणि ती वर्षभरापुरती असतात. वर्ष सरलं की पुन्हा घ्यायची. अशी घेत घेत माणूस तत्त्वज्ञान शिकतो, मग थोडा काळ कुठल्या तरी शाळेत शिकवतो, मग ईशज्ञान, म्हणजे थिऑलॉजी, शिकतो, आणि त्या वाटेवर कुठंतरी अखेरची व्रतं येतात. ती मरेपर्यंतची. त्या दिवशी वेदीपुढं पालथं पडायचं, वर सगळ्या संतांची नावं घेतली जातात, आणि उठल्यावर मागं फिरायला जागा उरत नाही.

माझ्या पहिल्या व्रतांच्या वेळी वस्तीतल्या पोरांनी आटपाडीच्या फाट्यावर फ्लेक्स लावला होता. पांढऱ्या झग्यातला माझा फोटो, मागं उगवता सूर्य, वर मोठ्या अक्षरांत 'वस्तीचा अभिमान, भावी फादर', आणि खाली शुभेच्छुक म्हणून गॉगल घातलेली अकरावी नापास मंडळी. आमच्याकडे भावी आमदार असतात, भावी सरपंच असतात, तसा मी भावी फादर झालो. ऊन-वाऱ्यानं त्या फ्लेक्सचा सूर्य पांढरा पडला, तरी कुणी तो उतरवला नाही. आई बाजाराला जाताना त्याच्या खालून जायची. भाजीवाल्या बायका तिला म्हणायच्या, "आवं, फादरची आई, या की हिकडं." ती जायची, आणि नको असली तरी मेथीची एक जुडी घ्यायची.

साताऱ्याला मी तत्त्वज्ञान शिकलो, आणि ते मला मनापासून आवडलं, हे खोटं कशाला सांगू. गडाच्या पायथ्याशी आमचं घर होतं. सकाळी धुकं, दुपारी तर्कशास्त्र. जुन्या पंडितांची एक पद्धत आम्हाला शिकवली होती: आपलं मत मांडण्याआधी त्याच्याविरुद्धचे सगळे आक्षेप आपणच लिहायचे, तेही जोरदार, आणि मग एकेकाला उत्तर द्यायचं. मला वाटलं, काय मोकळी माणसं आहेत ही! आक्षेपाला घाबरत नाहीत. पुढं पुढं ध्यानात आलं, की माझ्या मनात उद्या येणार असलेली शंका ह्यांच्या पुस्तकात आधीच क्रमांक लावून बसवलेली आहे आणि तिच्या खाली उत्तरही आहे.

एकदा मी धीर करून माझ्या मार्गदर्शक फादरना सांगितलं, "फादर, मला इथं राहावंसं वाटत नाही." त्यांचा चेहरा उजळला. म्हणाले, "छान! देवानं ज्याला बोलावलंय त्यालाच असं वाटतं." पुढच्या वर्षी मी कंटाळून म्हणालो, "आता काही शंका नाही, फादर." तेव्हाही तेच, "छान! देव शांती देतोय." मी कुठल्याही रस्त्यानं बाहेर पडलो तरी फिरून त्याच अंगणात येत होतो. रागवावं तर कुणावर, सगळे प्रेमानं बोलत होते.

मग खंडाळ्याकडच्या एका शाळेत मी मुलांना भूगोल शिकवला, आणि मग ईशज्ञानासाठी सांगलीला आलो. मार्केट यार्डाच्या बाजूनं वारा आला की हळदीचा वास आमच्या प्रार्थनामंदिरात भरायचा. दरवर्षी व्रतं नवी करण्याआधी रेक्टर मला खोलीत बोलवायचे, चहा द्यायचे आणि विचारायचे, "ब्रदर, आपखुशीनं राहतोयस ना?" मी म्हणायचो, "हो, फादर." चहा संपायचा. तो होकार भीतीचा होता. फ्लेक्सखालून जाणारी आई डोळ्यांपुढे यायची. शिवाय इतकी वर्षं ह्या लोकांचं अन्न खाल्लेलं. आणि बाहेर पडून मी करणार काय होतो? मेंढरंसुद्धा मला धड वळता येत नव्हती.

अखेरच्या व्रतांचं वर्ष आलं आणि त्याच वर्षी कन्फेशनचा सराव सुरू झाला. धर्मगुरू झाल्यावर लोक येऊन कानात आपली पापं सांगणार, तेव्हा काय ऐकायचं, काय विचारायचं, काय विचारायचं नाही, हे आधी शिकावं लागतं. ते शिकवायला आमच्याकडे एक म्हातारे फादर होते, मंगळूरकडचे. ईशज्ञान सगळं इंग्रजीत चालायचं, पण हा तास त्यांनी मराठीत ठेवला होता. म्हणायचे, "लोक पाप इंग्रजीत करत नाहीत." सीमेवरच्या गावांत त्यांनी उभं आयुष्य कन्फेशनं ऐकली होती. त्यांची मराठी कानडी हेलकाव्याची, पण ऐकण्यात एक शब्द निसटायचा नाही.

सराव असा. वर्गात एक खुर्ची ठेवायची. एकानं फादर होऊन तिच्यावर बसायचं, दुसऱ्यानं पापी होऊन शेजारी गुडघे टेकायचे, बाकीच्यांनी ऐकायचं. नियम एकच: स्वतःचं पाप आणायचं नाही. मनानं एक माणूस रचायचा आणि त्याचं पाप सांगायचं. आणि नाटक असलं तरी कन्फेशन ते कन्फेशन, त्यामुळं इथलं इथंच. वर्गाच्या बाहेर त्यातला शब्दही काढायचा नाही, ज्यानं सांगितलं त्याच्यापाशीसुद्धा नाही.

ह्या खेळात मी एकदम पटाईत निघालो. मी गुळात भेसळ करणारा व्यापारी झालो, सासूच्या चहात मुद्दाम मीठ टाकणारी सून झालो, शेजाऱ्याच्या डाळिंबांवर डोळा ठेवणारा माळकरी शेतकरीसुद्धा झालो. तेव्हा म्हातारे फादर म्हणाले, "हा माळकरी आपल्याकडे कन्फेशनला कशाला आला?" सगळे पोट धरून हसले. माझी पाळी आली की मागच्या बाकावरचे पुढं येऊन बसायचे.

त्या दिवशी मी हळदीचा दलाल ठरवून गेलो होतो. खुर्चीत माझा मित्र होता. वसईचा, सरळमार्गी, ज्याला पुस्तकातलं प्रत्येक पान पाठ. मी गुडघे टेकले, क्रूसाची खूण केली आणि तोंडातून भलतंच निघालं.

"फादर, मी घरजावई हाय."

वर्ग खुसखुसला. मित्रानं हसू दाबलं आणि म्हणाला, "बोला."

"सासरची मानसं लय चांगली हायत. पोटाला घालत्यात, कापडं शिवत्यात. मला शिकीवलं बी त्यांनीच. सासरा कवा आवाज चढवून बोलला न्हाई. दार बी उघडंच असतंय. पन मला तितं करमत न्हाई, आन जायाचं म्हनलं की पाय उचलत न्हाई. गावाकडं आई समद्यांस्नी सांगती, माझा ल्योक मोठ्या घरात दिलाय. मी परत गेलो तर तिनं तोंड कुटं दावायचं?"

खुसखुस थांबली होती. माझा स्वतःचा आवाज मला परका वाटायला लागला, पण थांबता येईना.

मित्रानं घसा साफ केला. पुस्तकात असतं तसंच तो बोलला: उपकार आठवा, सासऱ्यांचा मान राखा, आठवडाभर रोज कृतज्ञतेची प्रार्थना करा, मन स्थिर होईल.

"ते केलं की, फादर!" मी ओरडलोच. "धा वरसं तेच करतोय! त्यानं कायबी व्हत न्हाई!"

मित्र घाबरून म्हाताऱ्या फादरांकडे बघायला लागला. ते उठले, त्याला हातानंच बाजूला व्हायला सांगितलं आणि स्वतः खुर्चीत बसले. माझ्याकडे बघितलं नाही. कन्फेशन ऐकताना बसतात तसं भिंतीकडे तोंड करून, कान माझ्याकडे करून बसले.

"बायको कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"कुनाची?"

"तुझी. घरजावई आहेस ना? सासरा सांगितलास, दार सांगितलंस, आई सांगितलीस. बायकोचं काहीच बोलला नाहीस."

बायको म्हणजे काय हे त्या वर्गात कुणाला समजावून द्यायला नको होतं. व्रतं घेणारा माणूस देवाशी लग्न लावतो, असं आम्हाला पहिल्या वर्षापासून शिकवलेलं. तो घरजावई मीच रचला होता. त्याला वाटेल तशी बायको द्यायची मला मुभा होती. कजाग, प्रेमळ, आजारी, कशीही. मला एकही सुचली नाही.

"तिचं-माझं कवा बोलनंच झालं न्हाई, फादर."

"त्या घरात तिच्यासाठी आला होतास?"

"न्हाई," मी म्हणालो. "जेवायला आलो हुतो."

बाहेर शेळी बें करून ओरडली, एरवी तेवढ्यानं वर्ग फुटला असता. म्हातारे फादर भिंतीकडे बघतच हळू म्हणाले, "बाळा, हे पाप नाही. म्हणून मला ह्याची क्षमा देता येत नाही. हे त्या घरच्यांना जाऊन सांगावं लागेल." एवढं बोलून ते उठले, आणि वर्गाकडे वळून म्हणाले, "इथलं इथंच."

मला त्या दिवशी वाटलं, सुटलो. आता ह्यांना कळलंय. हे जाऊन रेक्टरना सांगतील, रेक्टर बोलवतील, म्हणतील, बाबा रे, तुझं काही खरं दिसत नाही, तू जा. मला स्वतःहून जायचं नव्हतं, मला कुणीतरी घालवायला हवं होतं. म्हणजे मग आईला सांगता आलं असतं, त्यांनीच काढलं. मी त्या बोलावण्याची वाट बघत बसलो.

बोलावणं आलं नाही. म्हातारे फादर मला व्हरांड्यात भेटायचे आणि म्हणायचे, "ब्रदर, आज आमटी खारट झाली होती, नाही?" बस्स. डोळ्यांत काही नाही, ओठांवर काही नाही. मित्रांचंही तेच. ज्या पोरांना गुप्त म्हणून सांगितलेली क्रिकेटची टीम संध्याकाळपर्यंत पोटात ठेवता यायची नाही, त्यांनी माझी गोष्ट अशी गिळली की ढेकरसुद्धा नाही. जेवणात माझ्याकडे मिठाची बरणी मागायच्या आधीच सरकवायचे, एवढाच फरक. अख्ख्या वर्गाला माहीत होतं आणि बोलायची परवानगी एकालाही नव्हती. मी स्वतःच्या हातानं माझ्या मदतीला येऊ शकणाऱ्या प्रत्येकाचं तोंड बंद करून बसलो होतो. इतका एकटा मी त्या घरात आधी कधीच नव्हतो.

अखेरच्या व्रतांसाठी कोण योग्य, हे ठरवायला घरातल्या फादरांची बैठक बसली. मी मुद्दाम बाहेर जास्वंदीला आळं करत होतो. माझं नाव निघालं असावं, कारण म्हातारे फादर दार उघडून व्हरांड्यात आले आणि खांबाला टेकून उभे राहिले. जे कन्फेशनमध्ये ऐकलं ते आत बसून वापरायचं नाही, म्हणून ते उठून आले होते. आतल्यांना वाटलं असणार, म्हाताऱ्याला सारखी लघवी लागते. आमची नजरानजर झाली. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, की उतारवयात असतं तसं नुसतंच ओलसर होतं, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. दार पुन्हा उघडलं आणि ते आत गेले. संध्याकाळी रेक्टरनी माझ्या पाठीवर थाप मारली. एकमतानं पास झालो होतो.

दुसऱ्या दिवशी मला नव्या झग्याचं माप द्यायला शिंप्याकडे पाठवलं. मशिदीच्या मागं एका मुसलमान चाचांचं दुकान होतं, आमचे सगळे झगे तेच शिवायचे. त्यांनी छाती मोजली, खांदे मोजले, आणि कमरेला टेप लावून म्हणाले, "ब्रदर, इथं आत दोन बोटं कापड दाबून ठेवतो. फादर झाल्यावर पोट सुटतं. मग आलात की उसवून देईन." माणूस चांगल्या मनानं बोलत होता. पण त्या दोन बोटांत मला माझं पुढचं सगळं आयुष्य दिसलं: पोट सुटलेलं, गुडघे दुखताहेत, आणि मी कुणाच्या तरी कन्फेशनमध्ये बायको कशी आहे म्हणून विचारतोय. मला दुकानातच घाम फुटला. चाचांनी पंखा माझ्याकडे वळवला.

व्रतांच्या आधी घरी जाऊन माणसांना आमंत्रण द्यायची आमच्यात पद्धत आहे. मी एसटीनं वस्तीवर गेलो. भर दुपारी आई दाराच्या चौकटीला निळा रंग देत होती. पाव्हणे येणार होते ना. मला बघून हसली आणि ब्रश न थांबवता म्हणाली, "आलास व्हय? हात लावू नगंस, वलं हाय."

मी उभ्या उभ्याच सांगितलं. "आये, मला फादर व्हायचं न्हाई."

ब्रश थांबला. ती वळली नाही.

"कुनी काय बोललं का तुला?"

"न्हाई."

"पोटाला नीट घालत न्हाईत?"

"घालत्यात की."

"मग पोरगी हाय?" हे तिनं वळून विचारलं, आणि तिच्या आवाजात चक्क आशा होती. पोरगी असती तर वस्तीला समजलं असतं. चार दिवस बोलले असते आणि पाचव्या दिवशी हळदीला आले असते.

"पोरगी बी न्हाई, आये. काय बी न्हाई. मला नुसतं तितं ऱ्हायाचं न्हाई."

"मग मी लोकांस्नी सांगू काय?" ती भडकली. "आरं, एवढी वरसं गप बसलास आन आता बोलतोस? त्यांनी तुला कवा इचारलं न्हाई?"

"इचारत्यात. दरसाल इचारत्यात."

"आन तू?"

"व्हय म्हनतो."

"का?"

"तुझ्यापायी," मी म्हणालो. खरं म्हणजे सगळं तिच्यापायी नव्हतं, पण तेच तोंडात आलं.

तिनं ब्रश डब्यात आपटला. निळे शिंतोडे तिच्या पायांवर उडाले. "माझ्यावर घालू नगंस! मला ह्या घरात दिली तवा मला कुनी इचारलं न्हाई, तुझा बाप गेला तवा ऱ्हातीस का जातीस म्हनून कुनी इचारलं न्हाई. तुला च्या पाजून इचारत्यात, आन तू माझं नाव सांगून व्हय म्हनतोस?"

ती उंबऱ्यावर बसली. चौकटीचा ओला रंग तिच्या खांद्याला लागला, तिच्या ध्यानातही आलं नाही. समोरून चुलत्याची मेंढरं गेली, धुरळा उडाला, तो खाली बसला.

"हे बघ," ती शेवटी म्हणाली, "मी रडनार हाय. लय रडनार. बाजाराला बी जानार न्हाई मी थोडं दिस. पन तेवढ्यापायी तू तितं बसून ऱ्हाऊ नगंस."

आणि ती खरंच रडायला लागली, तोंडाला पदर न लावता, मोठ्यानं. मी तिला गप्प केलं नाही. ती रडत असतानाच पिशवी उचलली आणि रेक्टरना नाही म्हणून सांगायला सांगलीच्या एसटीसाठी फाट्याकडे चालू लागलो, कारण तिनं डोळे पुसले असते तर मी तिच्यापाशी थांबलो असतो, आणि मग परत गेल्यावर रेक्टरना पुन्हा हो म्हणालो असतो.